वाचनालयापर्यंत आलेले दाजी

फोन नंदाचा आहे म्हटल्यावरच मला कळायला हवं होतं. दुपारची वेळ होती, कचेरीतली जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती आणि साहेबांच्या खोलीतल्या फोनवर मला बोलावणं आलं. "मामा, मी मिरजेहून बोलतेय," ती म्हणाली. "अण्णा गेले. मी जवळच होते." एवढंच. एसटीडी बूथमधून बोलत होती ती; मागं कुणीतरी आपली पाळी येण्याची वाट बघत खोकत होतं, तेही मला ऐकू आलं. मी "निघतो" म्हणालो आणि तिनं फोन ठेवला. साताऱ्याहून निघालेल्या गाडीत कराड मागं पडल्यावर कुठं माझं मन थाऱ्यावर आलं, आणि तेव्हा तिचं शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवू लागलं. मी जवळच होते... ज्या बापानं आठ वर्षं तिला दारात उभं केलं नव्हतं, त्याच्याबद्दल असं म्हणता यावं, हे तिला केवढ्याला पडलं होतं ते मला ठाऊक होतं.

दाजी म्हणजे नंदाचे अण्णा, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नाव दत्ताजीराव. आष्ट्याचं शेतकरी घर, चार भावांत मिळून ऊस, आणि घरटी एक माणूस पलटणीत. दाजी सातवी झाले आणि भरती झाले. वाचायची गोडी त्यांना तिथं लागली. कुठल्याशा डोंगरातल्या ठाण्यावर बर्फानं रस्ता बंद झाला होता, पत्ते खेळून खेळून सगळे कंटाळले होते, आणि बराकीत कुणीतरी टाकून गेलेलं एक मराठी पुस्तक त्यांच्या हाती आलं. पुढची पानं फाटलेली. त्यामुळं पुस्तकाचं नाव काय, लिहिणारा कोण, काहीच कळायला मार्ग नव्हता. रस्ता मोकळा होईपर्यंत दाजींनी ते इतक्या वेळा वाचलं की त्यातली माणसं त्यांना स्वप्नात दिसू लागली. "माझ्या आयुष्यातलं पहिलं पुस्तक, अन् त्याला तोंडच न्हाई," असं ते सांगायचे आणि स्वतःशीच हसायचे.

पेन्शनीत आल्यावर त्यांना साताऱ्यात एका गोदामावर राखणीची नोकरी मिळाली. अक्का, दाजी आणि लहानगी नंदा मंगळवार पेठेत दोन खोल्या घेऊन राहू लागले. मीही नुकताच कारकून म्हणून लागलो होतो, सडाफटिंग होतो, जेवायला त्यांच्याकडंच असायचो. दर शनिवारी संध्याकाळी दाजी धुतलेला सदरा घालायचे, पुस्तकं पिशवीत घालायचे आणि आम्ही वाचनालयात जायचो. कार्डावर दोन पुस्तकं मिळत. दाजींचा नेम ठरलेला होता, एक गोष्टीचं आणि एक माहितीचं. म्हणजे एकीकडं एखादी जाडजूड कादंबरी आणि दुसरीकडं मधमाश्या, नाहीतर जुन्या विहिरी, नाहीतर कुणा डॉक्टरानं क्षयाच्या दवाखान्यात काढलेल्या दिवसांच्या आठवणी. मी त्यांना एकदा विचारलं होतं, की दाजी, तुम्हाला मधमाश्या पाळायच्यात का? ते म्हणाले, "पाळायच्या न्हाईत. पन बांधावरनं जाताना पोळं दिसतं, आत काय चाललंय ते ठाव नसतं. आता ठाव झालं. ह्यात वाईट काय झालं?" आणि कादंबरी कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, "तेच की रं. पोळ्याच्या जागी मानसाचं घर."

वाचायला बसायचे ते स्टुलावर, पाठ ताठ, पुस्तक दोन्ही हातांत, अगदी परेडला उभं राहिल्यासारखे. लोळत वाचलेलं त्यांना खपत नसे. वाचून झालं की बोलायचं असे, आणि बोलायला समोर मी असायचो, अक्का स्वयंपाक करताकरता "व्हय, व्हय" करायची, आणि नंदा. नंदा चौथी-पाचवीत असल्यापासून त्यांच्या बरोबरीनं वाचत होती. वाचून वाद घालत होती. अमक्या माणसानं गाव सोडायला नको होतं असं बापानं म्हटलं की ही म्हणायची, का नको, तिथं त्याचं होतं कोण? दाजी चिडायचे नाहीत. त्यांना लय कौतुक. "माझी पोरगी वकील हुनार," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. दाजींनी एक कादंबरी आणली होती, एका खेड्यातल्या विधवा बाईची. ती गावातल्या मास्तराबरोबर निघून जाते, गाव तिच्या नावानं आंघोळ करतं, भाऊ तिला मेली समजतात आणि ती परमुलखात, कुणी आपलं नसताना बाळंतपणात जाते. दाजी शेवटची पानं वाचत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचंही भान नव्हतं. पुस्तक मिटून ते मला म्हणाले, "वसंता, त्या बाईनं काय वाईट केलं हुतं, सांग मला. एका तरी भावानं जाऊन बगायचं हुतं की न्हाई?" नंदा दारात उभी होती, परकर-पोलक्यातली. ती बापाकडं बघत राहिली होती. मोठं माणूस पुस्तकासाठी रडतं हे तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं असावं, आणि आपला बाप कसा आहे याचा तिनं मनाशी काही अडाखा बांधला असावा. तो अडाखा पुढं चुकला.

दाजींचे वडील वारल्यावर ते नोकरी सोडून आष्ट्याला शेतीवर परतले. नंदा सांगलीला विश्रामबागेत वसतिगृहात राहून शिकली, बी.ए. झाली, तिथंच एका शाळेत लागली. नव्वद साल उलटलं आणि एक दिवस ती साताऱ्याला माझ्याकडं आली. मिरजेच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या विभागात काम करणारा शशिकांत नावाचा मुलगा होता. दुसऱ्या जातीचा. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं. "अण्णांना तुम्ही सांगा मामा," ती म्हणाली. "आईचं काही नाही, ती ऐकेल. अण्णाही ऐकतील, पण एकदम माझ्या तोंडून नको." तिच्या आवाजात भीती अशी नव्हतीच. तिला वाटत होतं, थोडे दिवस घुश्शात राहतील आणि मग विरघळतील.

मी तिला घेऊनच आष्ट्याला गेलो. दाजी मळ्यात उसाला पाणी पाजत होते. बांधावर बसून सरीत पाणी पुरेसं झालं की तोंडाशी घातलेलं मातीचं दार मोडून पुढच्या सरीत सोडायचं, मधल्या वेळात मांडीवरचं पुस्तक वाचायचं, अशी त्यांची रीत. मी सांगितलं. त्यांनी पुस्तक मिटलं, पायजमा झटकला, आणि मुलाची जात विचारली. मी सांगितली. त्यांनी नंदाकडं न बघता मला म्हटलं, "तिला म्हनावं, शाळा सोडून घरी ये. पुढचं मी बगतो." नंदानं शांतपणे सांगितलं की ती येणार नाही. मग जे बोलणं झालं ते फार नव्हतं. नंदा म्हणाली, "अण्णा, साताऱ्यात त्या कादंबरीतल्या बाईसाठी तुम्ही रडला होता. मी बघितलंय." दाजींनी तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. म्हणाले, "ती माझी लेक नव्हती."

पाणी सरीतून फुटून बांधावर आलं होतं. कुणाचंच लक्ष नव्हतं.

लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. मी गेलो होतो. दाजींना ते कळलं, त्यांनी मला त्याबद्दल कधी शब्दानं विचारलं नाही, पण पुढं बरेच महिने मी घरी गेलो की ते मळ्यात निघून जायचे. भावकीच्या बैठकीत थोरल्या भावानं त्यांना विचारलं होतं म्हणे, की आता काय करायचं? तेव्हा दाजी सगळ्यांसमोर बोलून गेले, की तिच्या दारात मी पाऊल टाकणार नाही आणि तिनं माझ्या दारात टाकायचं नाही. अक्कानं चूल पेटवली नाही त्या दिवशी. पण नवऱ्याच्या शब्दापुढं जायची तिची रीत नव्हती, आणि तीही लेकीला मुकली.

त्यानंतर दाजींनी गोष्टीचं पुस्तक वाचणं सोडून दिलं. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मी साताऱ्याहून जाताना त्यांच्यासाठी म्हणून एखादी कादंबरी न्यायचो, ती कोनाड्यात जशीच्या तशी पडलेली असायची. शेवटी एकदा मी विचारलंच. म्हणाले, "कादंबरीवाला लबाड आसतो, वसंता. फुडं काय हुनार ते त्याला आदीच ठाव आसतंय. म्हनून त्यो सगळ्यांना माफ करत सुटतो. आपल्याला फुडचं पान ठाव नसतंय. आपन कुनाच्या जिवावर माफ करायचं?" आता ते फक्त माहितीची पुस्तकं वाचत. साप, माती, समुद्रातले प्रवाह, बोगदे कसे खणतात, आंधळ्यांसाठीची लिपी कशी तयार झाली. पूर्वी वाचलेलं ते सांगत सुटायचे, आता विचारलं तरच सांगत. सापाला कान नसतात, तो जमिनीतून ऐकतो, असं एकदा मला सांगितलं आणि मग बराच वेळ उगीच जमिनीकडं बघत बसले. त्यांचं शरीर तेव्हापासूनच खंगत गेलं असं अक्का म्हणते. मला ते पटतं, आणि पटत नाहीही. माणसं कशानं खंगतात हे कुणाला सांगता येतं...

आष्ट्यातल्या छोट्या वाचनालयातली माहितीची पुस्तकं त्यांची वाचून संपली. मग त्यांनी सांगलीच्या वाचनालयात नाव घातलं आणि दर गुरुवारी एसटीनं सांगलीला जाऊ लागले. नंदाही तिथलीच सभासद होती, हे दाजींना ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. अक्का म्हणते होतं. नंदा म्हणते शक्यच नाही.

त्यांची तिथं पहिली भेट झाली तेव्हा योगायोगानं मी बरोबर होतो. कचेरीच्या कामानं सांगलीला आलो होतो, दाजींना गाठायला वाचनालयात गेलो. ते व्हरांड्यातल्या बाकावर बसून नवं पुस्तक चाळत होते. पायऱ्या चढून नंदा आली. आम्हाला बघून तिथंच थांबली. काखेत पुस्तकाची पिशवी. दाजींनी मान वर केली. मला वाटलं आता ते उठून जातील. आतून कुणीतरी रजिस्टरवर शिक्का मारल्याचा आवाज येत होता. मग दाजी म्हणाले, "हातात काय हाय?"

नंदानं पिशवीतून पुस्तक काढून दाखवलं. रशियातल्या कुठल्याशा कुटुंबावरची भाषांतरित कादंबरी होती.

"लय जाड हाय. हुईल का आठवड्यात?"

"होईल," नंदा म्हणाली.

"मग कसं हाय ते सांग फुडल्या गुरवारी." आणि ते उठले, मला म्हणाले, "चल, गाडी चुकंल," आणि पायऱ्या उतरले. गाडीत बसल्यावर त्यांनी पिशवीतलं नवं पुस्तक काढलं आणि आष्टा येईपर्यंत एकच पान उघडं धरून ठेवलं.

असा तो गुरुवार सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. शाळा सुटली की नंदा यायची. दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. बोलणं फक्त पुस्तकांचं. घर, नवरा, गाव, भावकी, यांतलं काही नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण दोघांनाही ती वेस कळत होती. नंदाला दिवस गेले ते दाजींनी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या गुरुवारी आपल्या कार्डावर एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं बाळंतपणाचं आणि बाळाच्या संगोपनाचं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. "हे वाच. बाईनं चांगलं लिवलंय. घाबरवत न्हाई उगं." नंदानं मला नंतर सांगितलं, की त्या पुस्तकात ज्या पानावर कुठलं दुखणं धोक्याचं ते दिलं होतं, ते पान त्यांनी तोंडपाठ केलं होतं आणि बाकावर बसून तिला एकेक विचारून घेतलं, हे होतंय का, ते होतंय का, पुस्तकाचं बोलत असल्यासारखं.

मुलगी झाली. नंदा तिला कडेवर घेऊन वाचनालयात येऊ लागली. दाजी तिला घ्यायचे, चष्म्याची डबी तिच्या हातात खेळायला द्यायचे. पण घरी या म्हटलं की त्यांचा चेहरा बंद व्हायचा. मी एकदा त्यांना चांगलंच धारेवर धरलं. म्हटलं, बाकावर चालतं आणि घरात चालत नाही, हे कुठलं शहाणपण? ते चिडले नाहीत. म्हणाले, "पंचात बोलून गेलो रं. हितं लोकांना वाटतंय म्हातारा पुस्तक बदलायला जातो. घरी गेलो म्हंजे शब्द गिळला." मग अगदी हळू म्हणाले, "बोललेलं कसं गिळायचं, ते कुटल्या पुस्तकात सापडंना झालंय."

नंदानंच त्यांना पुन्हा कादंबरी वाचायला लावली. आग्रह करून दिली. त्यात एक बाप मुलाला घराबाहेर काढतो आणि शेवटी स्वतः काठी टेकत त्याच्या दाराशी जातो. पुढच्या गुरुवारी मीही होतो. नंदानं विचारलं, "कशी वाटली?" दाजी म्हणाले, "लिवनाऱ्याला भाषा हाय. पावसाचं, बाजाराचं बेस लिवलंय. पन बापाला लय लौकर वाकवलंय. मानूस येवढ्या लौकर वाकत न्हाई."

"किती दिवस लागतात अण्णा?" नंदानं विचारलं.

दाजींनी पुस्तक मिटून पिशवीत घातलं. रस्त्याकडं बघितलं. म्हणाले, "आष्ट्याची गाडी चुकंल माझी," आणि उठले. नंदा हसली. मला ते हसणं बघवलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या पायांवर सूज येऊ लागली. मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत असं निघालं आणि त्यांना मिरजेला दाखल केलं. शशिकांतचाच दवाखाना. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घ्यायला तो स्वतः आला. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं त्याला. मी आणि अक्का पलंगाजवळ होतो. अक्का उठून उभी राहिली, पदर सारखा केला, आणि नवऱ्याकडं बघून पुन्हा बसली.

"हात सरळ ठेवा," शशिकांत म्हणाला. "थोडं टोचेल."

"टोचू दे." दाजी त्याच्या तोंडाकडं बघत होते. "तुमीच व्हय ते?"

"हो."

"वाचता का काय?"

शशिकांतनं सुई काढली, कापूस दाबून धरला. "नाही," म्हणाला. "मला तेवढी आवड नाही."

"अन् ती?"

"ती वाचते. स्वयंपाकाला उशीर झाला तर मी लावतो कुकर."

दाजींनी मान हलवली. तो गेल्यावर मला म्हणाले, "खोटं बोलला न्हाई. वाचतो म्हनला आसता तर मला काय कळनार हुतं? मानूस बरा हाय." आठ वर्षांनी त्यांनी जावयाबद्दल काढलेले हे पहिले उद्गार. अक्का तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

मग नंदा रोज येऊ लागली. वॉर्डात घर नव्हतं आणि गावही नव्हतं, त्यामुळं असेल, पण तिथं दाजी तिला जवळ बसू द्यायचे, पाय चेपू द्यायचे. डोळ्यांवर सूज असल्यानं त्यांना वाचता येत नव्हतं, ती वाचून दाखवायची. उत्तरेतल्या नद्यांवरचं एक प्रवासवर्णन चाललं होतं. मध्येच ते थांबवायचे, आणि पलटणीत असताना ह्या पुलावरनं आपण गेलोय, पाणी असं हिरवं नव्हतं, गढूळ होतं, अशी लेखकाला दुरुस्ती सुचवायचे. शेजारच्या खाटेवरचा माणूसही ऐकायचा. त्या दिवसांत नंदानं त्यांना म्हटलं, "बरे झालात की इथून आधी आमच्याकडं चला. विश्रामबाग वाटेतच आहे. दोन दिवस राहा, मग आष्ट्याला जा." दाजी हो म्हणत, नाहीतर नाही म्हणत, मधलं त्यांना येत नसे. ते म्हणाले, "बगू."

नंदानं त्या एका शब्दावर बाहेरच्या खोलीत नवी गादी घातली. मुलीला सांगून ठेवलं की आजोबा येणार. आणि ती तयारी चालली असताना दाजी गेले. दुपारी, ती उशाशी बसलेली असताना. पुस्तक वाचत नव्हती, नुसती बसली होती. ते झोपलेत असं तिला वाटत होतं.

मी पोचलो तेव्हा दवाखान्याची गाडी तयार होती. दाजींना मागं ठेवलं होतं, बाजूला अक्का आणि नंदा, दाराशी मी, पुढं ड्रायव्हरशेजारी शशिकांत. मिरजेहून सांगलीकडं जाताना विश्रामबाग लागतं. नंदाच्या घराकडं वळायचा रस्ता जवळ आला तशी ती खिडकीतून बाहेर बघू लागली. शशिकांतनं मागं वळून तिच्याकडं पाहिलं. ड्रायव्हरला थांब म्हणावं असं एकदा माझ्या मनात आलं, पण थांबून करायचं काय होतं... वळण आलं आणि गेलं. नंदानं हात पुढं करून बापाच्या अंगावरची चादर सारखी केली.

आष्ट्याला अंगणात माणसं जमली होती. नंदा उतरली आणि आठ वर्षांनी त्या उंबऱ्यातून आत गेली. बायका सरकल्या, तिला जागा दिली. शशिकांत गाडीशेजारीच उभा राहिला होता, चपला काढाव्यात की नाही अशा पेचात. भावकीतली माणसं त्याच्याकडं बघत होती आणि नजर वळवत होती. अक्का दारात आली. तिच्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, चौकटीला धरून होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पावनं, भाईर का? आत या. खांदा द्यायचाय तुमाला." थोरल्या भावानं मान खाली घातली. शशिकांतनं खांदा दिला.

सव्वा महिना उलटल्यावर मी सांगलीला गेलो. अक्का नंदाकडं राहायला आली होती. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत ती नवी गादी, तिच्यावर आता अक्का झोपते. मी नंदाला म्हटलं, की दाजींवर काही लिहावं असं मनात आहे, पुस्तकांनी तुम्हा दोघांना कसं पुन्हा जोडलं ते. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"मामा, तसं लिहू नका," ती म्हणाली. "जोडलं कुठं? आम्ही पुस्तकांच्या आड बसलो. इतक्या गोष्टी बोललो, जगातल्या सगळ्या माणसांबद्दल बोललो, आणि माझ्या घरात कुठली खिडकी कुठं आहे ते त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मला ती सगळी पुस्तकं नको होती. एक दिवस इथं येऊन चहा प्यायले असते तर..." ती पुन्हा भाजी निवडू लागली. मी तिला समजवायला गेलो नाही. ती म्हणते ते खरं आहे. ते गुरुवार नसते तर तेवढंही तिला मिळालं नसतं, हेही खरं आहे. पण ते तिला सांगायचा हक्क मला नाही.

ती अजून गुरुवारी वाचनालयात जाते. मी होतो तो दिवस गुरुवारच होता. संध्याकाळी ती पुस्तक घेऊन आली, मुलगी तिच्या मागं, शशिकांत कामावरून यायचा होता. दिवा लावून झाल्यावर नंदा जमिनीवर भिंतीला टेकून वाचायला बसली. जन्मभर नवऱ्याच्या पुस्तकांना नुसतं "व्हय, व्हय" करणारी अक्का गादीवर पाय पोटाशी घेऊन पडली होती. तिला वाटीभर पेज प्यायला लावायलाही त्या दिवशी सगळ्यांना मिनतवाऱ्या कराव्या लागल्या होत्या. ती एकदम म्हणाली, "मोठ्यानं वाच की गं."

नंदानं वर पाहिलं. "आई, ऐकणार तू?"

"रचल्यालं हाय का खरंखुरं हाय?"

"रचलेलं आहे. कादंबरी आहे."

"मग वाच," अक्का म्हणाली. "खऱ्याचं आता मला ऐकवत न्हाई." आणि ती कूस वळवून, लेकीकडं तोंड करून झोपली.

नंदा पहिल्या पानापासून वाचू लागली.